वयाचा दाखला आणि घराचा उंबरठा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पांढरकवडा हें केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे. भोंवतीं कापसाचा मुलूख, कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, आणि थोड्याच अंतरावर तेलंगणाची हद्द. अशा तालुक्यांतील वृद्ध माणसास वय विचारलें असतां तो पुष्कळदां उलट प्रश्न करतो, “कागदावरचें सांगूं कीं खरें?” या साध्या प्रश्नांत एक मोठा इतिहास दडलेला आहे. माणसाचें वय ही त्याच्या घरची गोष्ट. आईबापांस ती ठाऊक असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांस अंदाजानें ठाऊक असते. सरकारासही ती ठाऊक असावी, कागदावर लिहिलेली असावी, आणि तो कागद दाखविल्यावांचून अमुक एक दार उघडूं नये, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नव्हे. ती कोणत्या भांडणांतून आली आणि घराच्या उंबरठ्याशीं तिला कोठें अडविण्यांत आलें, हें आज पाहण्यासारखें आहे. कारण तोच वाद नव्या वेषांत पुन्हां उभा राहिला आहे.

नवा वेष तो असा. प्रौढांसाठीं म्हणून काढलेलीं अश्लील चित्रांचीं संकेतस्थळें इंटरनेटवर उघडीं असतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या दाराशीं ‘तुमचें वय अठरा पूर्ण आहे काय?’ एवढाच प्रश्न असतो, आणि ‘होय’ या शब्दावर बोट ठेवलें कीं दार उघडतें. बारा वर्षांच्या पोराचें बोट कोणतें आणि चाळीस वर्षांच्या गृहस्थाचें कोणतें, हें त्या दारास कळत नाहीं. तेव्हां सरकारनेंच वयाची पक्की तपासणी सक्तीची करावी, असें एक मत आहे. मुलांवर नजर ठेवणें हें आईबापांचें काम असून त्यासाठीं सरकारनें साऱ्या प्रौढांचीं नांवें टिपून घेऊं नयेत, हें दुसरें. २०२५ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयापुढें अश्लील मजकुरासंबंधीं सुनावणी चालली असतां आधारवरून वयाची खात्री करून घेण्याची कल्पना खंडपीठानें बोलून दाखविली, आणि परक्या देशांच्या बातम्यांत वाचावयाचा हा विषय आपल्या अंगणांत आला.

परंतु महाराष्ट्रानें हा वाद पूर्वीं एकदां केलेला आहे, आणि आजच्यापेक्षां अधिक कडाक्यानें केलेला आहे. त्या वेळीं प्रश्न चित्रें पाहण्याचा नव्हता. लहान मुलीच्या जिवाचा होता. तथापि मुलाचें रक्षण करावयाचें कोणीं, वय ठरवावयाचें कसें, आणि तें ठरविण्यासाठीं सरकारच्या माणसानें घरांत कोठपर्यंत यावयाचें, हे तिन्ही प्रश्न तेच होते.

१८६० च्या दंडसंहितेनें मुलीच्या संमतीचें वय दहा वर्षें ठरविलें होतें, आणि तें विवाहित मुलीसही लागू होतें. १८८४ सालीं मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर दोन टिपणें प्रसिद्ध केलीं. त्याच सालीं दादाजी भिकाजी यानें रखमाबाईवर नांदावयास येण्याविषयीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. अकराव्या वर्षीं लग्न झालेली ही बाई न कळत्या वयांत झालेलें लग्न मानावयास तयार नव्हती. १८८७ सालीं ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा’ असा हुकूम झाला. तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटीं १८८८ सालीं तडजोड होऊन ती सुटली व पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. मग १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगामुळें मरण पावली. कायद्यानें ठरविलेलें दहाचें वय तिनें ओलांडलेलें असल्यामुळें पतीवर बलात्काराचा आरोपच ठेवतां येईना. या पार्श्वभूमीवर ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत संमतिवयाचें विधेयक मांडलें. मूळ वाक्यांतील दहाचे बारा करावयाचे, एवढाच त्याचा गाभा होता.

त्या दोन वर्षांच्या फरकानें पुणें पेटलें. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूनें, टिळकांचा ‘केसरी’ विरुद्ध. रानडे, तेलंग यांनीं विधेयकास पाठिंबा दिला, डॉ. भांडारकरांनीं शास्त्रग्रंथ उलगडून तें धर्मबाह्य नाहीं असें दाखविलें. क्रीडाभुवनांत भरलेली सुधारकांची सभा उधळली गेली. टिळकांची भूमिका पुढें अनेकांनीं विपर्यस्त करून सांगितली आहे. बालविवाह चांगला, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. १८९० सालींच त्यांनीं अशी सूचना मांडली होती कीं, ज्यांस सुधारणा हवी आहे त्यांनीं मुलींचीं लग्नें सोळा वर्षांपूर्वीं व मुलांचीं वीस वर्षांपूर्वीं न करण्याची शपथ स्वतः घ्यावी. त्यांचा आक्षेप परक्या सरकारच्या हातांत घराची किल्ली देण्यास होता.

शास्त्रार्थाचा भाग आज कोणी वाचीत नाहीं, आणि न वाचल्यानें फारसें बिघडतही नाहीं. त्या वादांतील जी गोष्ट आजही जिवंत आहे ती व्यवहाराची आहे. मुलगी अकरा वर्षांची कीं बाराची, हें न्यायाधीशास कळावयाचें कसें? जन्माची नोंद करण्याचा १८८६ चा कायदा ऐच्छिक होता. जन्मपत्रिका सर्वांच्या घरीं नसत, आणि असत त्या घरच्याच जोशानें केलेल्या. मग उरे डॉक्टरची तपासणी. शिपायानें दारांत यावें, शेजाऱ्याच्या खबरीवरून सुनेचें वय विचारावें, आणि तिला तपासणीसाठीं इस्पितळांत न्यावें, ही भीति विरोधकांनीं पुन्हां पुन्हां बोलून दाखविली. ती सर्वस्वीं ढोंगी होती असें म्हणतां येत नाहीं. तिच्या आड पुष्कळ ढोंग लपलें होतें, हें मात्र खरें.

१९ मार्च १८९१ रोजीं विधेयक मंजूर झालें. परंतु सरकारला ती भीति विचारांत घ्यावी लागली. १८९८ च्या फौजदारी कामकाजाच्या संहितेंतील ५६१ वें कलम पाहिलें म्हणजे हें ध्यानांत येतें. पतीविरुद्धच्या अशा गुन्ह्याची दखल इलाखा शहरांतील मुख्य मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेट यांनींच घ्यावयाची, आणि तपास पोलिसांकडे द्यावयाचाच झाल्यास इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाचा माणूस त्या कामीं नेमावयाचा नाहीं, असें तें कलम सांगे. मुलीचें रक्षण कायद्यानें पत्करलें. पण कोणींही यावें व कोणाचेंही वय विचारावें, अशी मुभा दिली नाहीं. आगरकरांच्या पक्षाचा सिद्धांत खरा होता. ज्या मुलीस स्वतःचें रक्षण करतां येत नाहीं आणि जिचें घरच तिचें रक्षण करीत नाहीं, तिच्यासाठीं सरकारनें पुढें आलेंच पाहिजे. आणि विरोधकांच्या ओरडीमुळें उंबरठ्यावर जो पहारा बसला, तोही वायां गेला नाहीं. अर्थात् कायदा फारसा वापरला गेला नाहीं तो या पहाऱ्यामुळेंच, अशीही तक्रार सुधारकांस करतां आली असती.

त्या वेळीं केळापूर तालुका ज्या जिल्ह्यांत मोडे त्यास यवतमाळ हें नांवही नव्हतें. वणीच्या नांवानें, इंग्रजींत ‘वून’ म्हणून, तो जिल्हा ओळखला जाई. यवतमाळ हें नांव १९०५ सालीं आलें. पुण्यांतील सभांचा आवाज तेथपर्यंत कितपत पोंचला असेल तो असो. पण वय लिहून ठेवणारा एक माणूस वऱ्हाडांत खेडोपाडीं होता. तो म्हणजे कोतवाल. त्याच्या वहीस ‘कोतवालबुक’ म्हणत. जन्माची तारीख, बापाचें नांव, जात, आणि मुलगा कीं मुलगी, एवढें तींत लिहिलेलें असे. बारशापूर्वींच नोंद झाल्यामुळें बाळाचें नांव पुष्कळदां नसेच. अमक्यास ‘मुलगा झाला’ इतकेंच. ही वही जन्ममृत्यूचा हिशेब ठेवण्यासाठीं आणि सांथीचा अंदाज घेण्यासाठीं होती. कोणाचें वय सिद्ध करण्याचा तिचा मुख्य उद्देश नव्हता, आणि जात सिद्ध करण्याचा तर नव्हताच.

कोतवालाच्या वहीनंतर वयाचा खरा लेखक झाला तो शाळामास्तर. पोर शाळेंत घालावयास बाप येई. जन्मतारीख विचारली तर ‘पोळ्याच्या आसपास’, ‘मोठा पूर आला त्या सालीं’ अशीं उत्तरें मिळत. मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यावयास सांगे. बोटें कानाला लागलीं कीं मूल सहा वर्षांचें झालें. मग हजेरीच्या सोयीची तारीख पडे, ती १ जून. महाराष्ट्रांत हजारों माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो काहीं ग्रहांचा योग नव्हे. तो मास्तराच्या टांकाचा योग आहे. हा अंदाज शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेला, दाखल्यावरून नोकरींत गेला, नोकरींतून पेन्शनींत गेला. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालीं झाला. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही खेड्यांत पुष्कळ वर्षें, राष्ट्राचें वय या कानाच्या मापानें मोजलें गेलें. आधारकार्डें निघालीं तेव्हां त्यांवरही कागद नसलेल्यांच्या जन्मतारखा सांगोवांगीं किंवा अंदाजानें चढल्या. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळेचा दाखला त्याहून ग्राह्य, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें एका नुकसानभरपाईच्या खटल्यांत म्हटलें. म्हणजे फिरून गाडी मास्तरापाशींच आली.

या वह्यांचें पुढें काय झालें, तें अधिक विचार करण्यासारखें आहे. आज विदर्भांत जातपडताळणीच्या प्रकरणीं शंभर वर्षांपूर्वींचें कोतवालबुक शोधलें जातें. २०२३ सालीं मराठा समाजांतील कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां तहसिलींच्या दप्तरखान्यांतून गांव-नमुना चौदाच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या, जुन्या वह्या बाहेर निघाल्या. ज्यांस त्या नोंदी सांपडल्या त्यांचा त्यांत लाभच झाला. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु पटकीच्या सांथीचा हिशेब ठेवण्यासाठीं कोतवालानें लिहिलेली ओळ चार पिढ्यांनंतर आरक्षणाच्या वादांत साक्षीस उभी राहील, हें तिच्या लेखकाच्या स्वप्नींही नव्हतें. लिहिलेली नोंद लिहिणाऱ्याच्या हेतूनें बांधलेली राहत नाहीं. ती मागें उरते, आणि जो कोणी पुढें येईल त्याच्या कामीं येते.

याच्या उलट प्रकारचा एक पहारेकरी विसाव्या शतकांत निर्माण झाला. तो म्हणजे सिनेमाच्या दारावरचा माणूस. सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा. चित्रपटांची सर्वांसाठीं व केवळ प्रौढांसाठीं अशी वर्गवारी १९४९ च्या दुरुस्तीनें आली, आणि १९५२ च्या कायद्यानें ती कायम केली. ‘ए’ शिक्क्याच्या चित्रपटास अठराच्या आंतील मुलास सोडावयाचें नाहीं, हें काम तालुक्याच्या गांवीं तिकिटें फाडणाऱ्या डोअरकीपरकडे आलें. त्याचें साधन म्हणजे त्याचे दोन डोळे. मिसरूड फुटलेलें पोर तो कधीं सोडी, कधीं कान धरून परतवी, आणि ओळखीच्या घरचें असल्यास संध्याकाळीं बापाच्या कानावर घाली. तो पुष्कळदां चुके. पण तो कांहीं लिहून ठेवीत नसे. खेळ सुटला कीं आंत कोण होतें याचा पुरावा उरत नसे. शिवाय कायद्यानें हळूहळू त्याच्या अधिकाराचा एक भाग आईबापांकडे सोंपविला. १९८३ सालीं ‘यूए’ हा मधला वर्ग आला. २०२३ च्या दुरुस्तीनें त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन पोटभाग केले, आणि हे आंकडे आईबापांनीं वा पालकांनींच मनावर घ्यावयाचे, इतर कोणीं त्यांची अंमलबजावणी करावयाची नाहीं, असें स्पष्ट लिहून टाकलें. घराच्या विवेकावर कायद्यानें इतका उघड विश्वास क्वचितच टाकला असेल.

प्रौढ माणसास कांहीं गोष्टी एकांतांत विचारावयाच्या व वाचावयाच्या असतात, हेंही महाराष्ट्रास ठाऊक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें आणि १९५३ पर्यंत एकाकीपणें चालविलें. १९३४ सालीं वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरीही दंड झालाच. मासिकाकडे आलेलीं तीं पत्रें बहुतेक लाजेनें, भीतीनें, कोणासही न सांगतां लिहिलेलीं. वाचकाचें नांव, वय व ठिकाण यांची सरकारी वही त्या मासिकाच्या कचेरींत ठेवली असती, तर किती पत्रें आलीं असतीं? वयतपासणीच्या कायद्याचा विचार करतांना ही गोष्ट विसरतां येत नाहीं. अश्लील चित्रें आणि आरोग्याची माहिती यांमधील रेषा ओढणारा हात नेहमींच शहाणा नसतो. कर्व्यांच्या वेळीं तो नव्हता.

इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्य भारतीयांसाठीं खुलें झालें. पुढल्या पांच-सहा वर्षांत सायबर कॅफे निघाले. लाकडी फळ्यांचे खण, आंत एक यंत्र, तासावर भाडें. या खणांत शाळकरी मुलें काय पाहतात याविषयीं एक पत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे गेलें, आणि न्यायालयानें तें पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलें. सप्टेंबर २००१ मध्यें एक समिति नेमण्यांत आली. अल्पवयीनांचें रक्षण कसें करावें हें तिनें सुचवावयाचें होतें. जानेवारी २००२ मध्यें तिचा अहवाल आला. मुलांसाठींचीं यंत्रें आडोशांत न ठेवतां मोकळ्या जागेंत ठेवावीं, ही त्यांतील सूचना साधी आणि शहाणपणाची होती. येणाऱ्यानें ओळखपत्र दाखवावें, ही दुसरी. तिच्यावर त्या काळींही टीका झाली.

दोन्ही सूचनांचें प्रतिबिंब केंद्र सरकारच्या एप्रिल २०११ च्या सायबर कॅफे नियमांत पडलेलें दिसतें. आडोशाच्या फळ्या जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसाव्यात. आडोशाबाहेरील यंत्रांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत. पालक बरोबर असल्यावांचून अल्पवयीनास आडोशांत बसवूं नये. आणि जो येईल त्याचें ओळखपत्र पाहून वहींत नोंद करावी, ती वही निदान एक वर्ष जपावी. सिनेमाच्या डोअरकीपरचे डोळे व कोतवालाची वही, हीं दोन्हीं या नियमांत प्रथमच एकत्र आलीं. साडेचार फुटांच्या फळीनें मुलास आवरलें असेल. वहीनें मात्र प्रौढांस टिपलें.

नियम झाले आणि कॅफेच ओस पडूं लागले. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट मातीमोल भावानें मिळूं लागलें, आणि तो खण, ती फळी, ती वही, सारें खिशांत मावूं लागलें. दरम्यान सरकारनें दारें बंद करून पाहिलीं. २०१३ सालीं इंदूरच्या एका वकिलानें सर्वोच्च न्यायालयांत अश्लील संकेतस्थळांवर बंदी मागितली होती. प्रौढ माणूस स्वतःच्या चार भिंतींआड काय पाहतो यास न्यायालयानें मज्जाव कसा करावा, असा सवाल जुलै २०१५ मध्यें सुनावणींत निघाला. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारनें ८५७ संकेतस्थळें बंद केलीं, आणि ओरड होतांच चार-पांच दिवसांत हुकूम पुष्कळसा मागें घेतला. २०१८ सालीं उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८२७ स्थळें पुन्हां बंद झालीं. ज्यास हवें तो आडवाटेनें तेथें पोंचतोच. मधल्या काळांत, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें एकमतानें सांगितलें कीं, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो वाद निघाला होता तो आधारच्याच प्रकरणांतून, हें येथें लक्षांत ठेवावें.

परदेशचा अनुभव थोडक्यांत सांगतां येईल. ब्रिटननें २०१७ सालीं वयतपासणीचा कायदा केला, आणि अंमल न करतांच २०१९ सालीं तो बेत सोडला. पुढें २०२३ चा नवा कायदा करून २५ जुलै २०२५ पासून तपासणी सुरू केली. अमेरिकेंत लुइझिआना संस्थानानें २०२३ च्या आरंभीं पाऊल टाकलें. टेक्सासचा तसलाच कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयानें जून २०२५ मध्यें उचलून धरला. ब्रिटनमध्यें तपासणी सुरू होतांच आपलें ठिकाण लपविणाऱ्या साधनांची मागणी एकदम वाढली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें डिस्कॉर्ड या कंपनीनें जाहीर केलें कीं, तिच्या वतीनें काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेकडून सुमारें ७०,००० वापरणाऱ्यांच्या सरकारी ओळखपत्रांचीं छायाचित्रें चोरट्यांच्या हातीं गेलीं असण्याचा संभव आहे. हीं ओळखपत्रें लोकांनीं दिलीं होतीं तीं मुख्यतः वयाच्या तंट्यासाठींच. कोतवालाची वही निदान तहसिलींत कुलुपांत होती.

आतां पांढरकवड्यासारख्या गांवाकडे पुन्हां वळूं. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा मोबाइलवर आली, आणि ज्या घरीं तोंपर्यंत असें यंत्र नव्हतें त्या घरींही तें घेणें भाग पडलें. कित्येक घरांत तें एकच असतें. तें बापाच्या नांवें, बापाच्या आधारवर घेतलेलें. दिवसा मुलाच्या हातांत, संध्याकाळीं आईच्या हातांत. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघेंही पहांटे शेतावर जातात. अशा घरीं सक्तीच्या तपासणीनें वय तपासलें जाईल तें बापाचें. एकदां त्याच्या आधारनें दार उघडलें कीं आंत कोण शिरतो हें दारास पूर्वींप्रमाणेंच कळणार नाहीं. मुलाचें रक्षण व्हावयाचें तें राहील, आणि बापाचें नांव मात्र कोठल्या तरी वहींत चढेल. सगळी जबाबदारी आईबापांवर टाकणारेही या घराचा विचार करीत नाहींत. ज्या बापास यंत्रांतील कुलपाची सोय आहे हेंच माहीत नाहीं, त्यास ‘तुम्ही लक्ष ठेवा’ एवढें सांगून मोकळें होणें, ही शहरी माणसाची सोय झाली. पूर्वींचा डोअरकीपर त्याच्या ओळखीचा होता. हा दुकानदार सातासमुद्रांपलीकडे आहे आणि मुलाच्या डोळ्यांवर पैसा मिळवितो. त्यास बांधणें कायद्यासच शक्य आहे.

तें बांधण्याचा एक मार्ग आपल्या कायद्यांत अगोदरच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचें नववें कलम अठराच्या आंतील प्रत्येकास मूल समजतें, त्याची माहिती वापरण्यापूर्वीं पालकाची पडताळलेली संमति मागतें, आणि मुलाच्या मागें नजर लावून त्यास जाहिराती दाखविण्यास मनाई करतें. मोडणाऱ्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हा बोजा दुकानावर आहे, घरावर नाहीं. म्हणून तो योग्य ठिकाणीं आहे. यंत्र विकतांनाच त्यांत मुलाचें कुलूप घालून, तें उघडण्याची रीत मराठींत व गोंडींत सांगण्याची सक्ती झाली, तर साडेचार फुटांच्या फळीचें काम पुन्हां होऊं लागेल. वय तपासावयाचेंच झालें, तर ‘हा अठराचा आहे’ एवढेंच सांगणारी, नांव न उच्चारणारी खूण देतां येणें आज तंत्रज्ञांस अशक्य नाहीं. युरोपीय आयोगानें जुलै २०२५ मध्यें त्या धर्तीचा नमुना प्रसिद्ध केला आहे. डोअरकीपरप्रमाणें पाहावें आणि विसरून जावें, असा हा प्रकार.

विसरण्याविषयीं मात्र आपले नियम अजून सावध नाहींत. वरील कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. पालकाची ओळख पटविण्यासाठीं कंपनीजवळ असलेली माहिती, किंवा डिजिलॉकरसारख्या सोयींतून मिळणारी खूण, चालेल असें ते म्हणतात. आणि त्याच नियमांत वापरासंबंधींची माहिती व नोंदी निदान एक वर्ष राखून ठेवण्याचीही आज्ञा आहे. सायबर कॅफेच्या वहीची मुदत एक वर्षाचीच होती. मुलांसंबंधींचें नववें कलम प्रत्यक्ष लागू होण्यास नियमांच्या प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांचा अवधि ठेवलेला आहे. ती मुदत मे २०२७ मध्यें पुरी होते.